एचपी चौदा की एकशे छत्तीस? पंपाच्या गणितात एककं कशी सांभाळायची

चोपडा तालुक्यातल्या एका तरुण अभियंत्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. तापीकाठच्या जॅकवेलमधून (नदीचं पाणी उचलायच्या विहिरीतून) केळीच्या बागेपर्यंत पाणी न्यायचं आहे. डिस्चार्ज, म्हणजे पाण्याचा प्रवाह, ताशी ५० घनमीटर, चढ ३४ मीटर, पाइप १,८०० मीटर, आणि बागेजवळच्या सँड फिल्टरच्या तोंडाशी 'अडीच किलो' प्रेशर हवं. एकूण हेड, म्हणजे चढ, घर्षण आणि प्रेशर सगळं उंचीच्या मीटरमध्ये धरून येणारी बेरीज, ७६ मीटर निघालं. एककांसकट गणित करणाऱ्या मॅथकॅड या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर काढली तर १०१.५ आली, एक्सेलमध्ये १४.०७ एचपी (अश्वशक्ती) आली, आणि पंपवाल्या दुकानदाराने कॅल्क्युलेटरवर १३.९ एचपी सांगितली. घर्षणाचं सूत्र तर मॅथकॅड घेतच नाही, एककं जुळत नाहीत म्हणतं. यातलं खरं कोणतं, आणि एककं बंद करून नुसत्या आकड्यांवर गणित केलं तर चालेल का?

भाऊ, शेवटचा प्रश्न आधी घेतो. एककं बंद करू नका. तुमच्या शीटमध्ये चूक कुठे आहे ते मॅथकॅड सांगतच होता, तुम्ही त्याचं पुरतं ऐकून घेतलं नाही एवढंच. १०१.५ च्या पुढे त्याने किलोवॅट लिहिलं, आणि त्याला लागून 'मीटर प्रति चौरस सेकंद' असं शेपूटही लावलं असणार. ते शेपूट म्हणजेच तुमच्या चुकीचं नाव.

पाण्याला दिलेली पॉवर म्हणजे घनता गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले डिस्चार्ज गुणिले हेड. चारच गोष्टी. घनता किलोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये, गुरुत्व ९.८०६६५ मीटर प्रति चौरस सेकंद, डिस्चार्ज घनमीटर प्रति सेकंदात, हेड मीटरमध्ये. गुणाकार केला की वॅट आपोआप येतात, कुठेही ७५, १०२, ३६७ असला आकडा लागत नाही. तुम्ही घनतेच्या जागी 'पाण्याचं विशिष्ट वजन १,००० किलोग्रॅम-बल प्रति घनमीटर' घातलं आहे. जुन्या पुस्तकांत ते तसंच असतं आणि चूकही नाही. पण विशिष्ट वजन म्हणजे घनता गुणिले गुरुत्व. गुरुत्व त्यात आधीच मुरलेलं आहे. त्यावर तुम्ही पुन्हा गुरुत्वाने गुणलंत. खरं उत्तर १०.३५ किलोवॅट, त्याला ९.८०६६५ ने गुणा, १०१.५ येतात. त्याचे एचपी केले तर १३६. हीच चूक एक्सेलमध्ये झाली असती तर १३६ एचपी निमूटपणे छापून आले असते. मॅथकॅडने निदान शेपूट लावून खूण तरी केली.

म्हणून उत्तराचा आकडा बघण्याआधी उरलेलं एकक बघायचं. वैद्य नाडी बघतो तसं. किलोवॅटला लागून मीटर प्रति चौरस सेकंद उरलं असेल तर गुरुत्व दोनदा आलं. उत्तर किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंदात आलं, तुमच्या बाबतीत १,०५५.६, तर गुरुत्व राहून गेलं. किलोवॅटला एक मीटर कमी पडत असेल तर हेड विसरलं, किंवा हेडऐवजी नुसता आकडा गेला. आणि चौरस सेकंद उरले तर प्रेशरमध्ये गोची आहे. ती गोची आपल्याकडे इतक्या वेळा होते की तिच्यावर थोडं थांबतो.

खान्देशात काय, सगळ्या महाराष्ट्रात काय, शेतकरी आणि फिटर प्रेशर 'किलो'त सांगतात. गेजवर लिहिलेलं असतं किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर. बोलताना त्यात काही अडत नाही, पण सॉफ्टवेअरला किलोग्रॅम म्हणजे वस्तुमान, बल नव्हे. तुम्ही २.५ किलोग्रॅम भागिले चौरस सेंटिमीटर असं लिहिलं आणि हेड काढायला घनता व गुरुत्व यांच्या गुणाकाराने भागलं, तर उत्तर येतं २.५५ चौरस सेकंद. ते ३४ मीटरमध्ये मिळवायला गेलात की सॉफ्टवेअर अडतं, आणि अडलंच पाहिजे. तिथे किलोग्रॅम-बल लिहायचं. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ते 'केजीएफ' या नावाने असतं. मग बरोबर २५.० मीटर मिळतात.

यातली मेख अशी की कुणी सूत्र लिहिताना गुरुत्व गाळलं आणि एककही चुकीचं घातलं, तर दोन चुका एकमेकींना खातात आणि २५ मीटर हे बरोबर उत्तर येतं, एककासकट. असं शीट वर्षभर बिनबोभाट चालतं. मग कुणीतरी त्यात बारमधलं प्रेशर टाकतं आणि सगळं कोसळतं. म्हणून उत्तर बरोबर आलं म्हणजे सूत्र बरोबर आहे असं धरू नका. एकदा इनपुट मुद्दाम दुसऱ्या एककात टाकून बघा. २.५ किलोच्या जागी ३५.५६ पीएसआय टाकलं तरी हेड २५.० मीटरच आलं पाहिजे. बार आणि किलो यांतही दोन टक्क्यांचा फरक आहे: १ किलो म्हणजे ०.९८०७ बार. २.५ बार म्हटलं तर हेड २५.५ मीटर होतं. शेतावर हा फरक खपतो, पण सॉफ्टवेअरमध्ये गेजवर जे छापलंय तेच लिहायला काही पैसे पडत नाहीत.

आता एक्सेलचे १४.०७ आणि दुकानदाराचे १३.९. हे दोन्ही बरोबर आहेत. दोघांचा एचपी वेगळा आहे एवढंच. मेट्रिक अश्वशक्ती म्हणजे सेकंदाला ७५ किलोग्रॅम-बल-मीटर, वॅटमध्ये ७३५.५. ब्रिटिश अश्वशक्ती म्हणजे सेकंदाला ५५० फूट-पाउंड-बल, वॅटमध्ये ७४५.७. ब्रिटिश एचपी किलोग्रॅम-बल-मीटरमध्ये मांडली तर ७६.०४ येते. म्हणून आपल्याकडे कुणी लिटर प्रति सेकंद गुणिले मीटर भागिले ७५ करतो, तर कुणी भागिले ७६. तुमचा डिस्चार्ज सेकंदाला १३.८९ लिटर आहे. ७६ मीटरने गुणून ७५ ने भागलं की १४.०७, ७६ ने भागलं की १३.८९. फरक जेमतेम दीड टक्का. त्यावरून दुकानात वाद घालण्यात अर्थ नाही, पण एकाच शीटमध्ये अर्धं गणित ७५ वर आणि अर्धं ७४५.७ वर करू नका.

सॉफ्टवेअरमध्ये नुसतं 'एचपी' लिहिलं की साधारणपणे ब्रिटिश अश्वशक्ती मिळते. मॅथकॅडमध्ये तसंच आहे. पायथनच्या पिंट या लायब्ररीत 'हॉर्सपॉवर' म्हणजे ब्रिटिश, मेट्रिक वेगळी लिहावी लागते, आणि बरोब्बर ७४६ वॅटची इलेक्ट्रिकल अश्वशक्ती आणखी वेगळी. एक्सेलच्या कन्व्हर्ट फंक्शनमध्ये 'एचपी' म्हणजे ब्रिटिश आणि 'पीएस' म्हणजे मेट्रिक. मोटरच्या नेमप्लेटवर मात्र यातलं काहीच काटेकोर नसतं. ५ एचपीवर ३.७ किलोवॅट, ७.५ वर ५.५, १० वर ७.५ असे ठरलेले टप्पे छापतात, गुणाकार करून आलेले नव्हेत. म्हणून गणित शेवटपर्यंत किलोवॅटमध्येच न्या. महावितरणच्या अर्जात भार एचपीत लिहायचा असेल तर तो मोटर निवडून झाल्यावर नेमप्लेटवरून उतरवा.

७५, १०२, ३६७ आणि ३,९६० या आकड्यांबद्दल माझं मत ठाम आहे. एककं सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांना दारात उभं करू नये. हे आकडे म्हणजे शिजवून ठेवलेली एककं आहेत. घनमीटर प्रति तास गुणिले मीटर भागिले ३६७ केलं की किलोवॅट येतात, कारण ३६ लाखाला ९,८०६.६५ ने भागलं की ३६७.१ येतं. लिटर प्रति सेकंद असेल तर १०२. अमेरिकन गॅलन प्रति मिनिट आणि फूट असतील तर ३,९६०, आणि उत्तर एचपीत. कागदावर, शेतात उभ्याने, हे आकडे सोन्यासारखे आहेत. पण ज्या डिस्चार्जला आधीच एकक चिकटलंय त्याला ३६७ ने भागलं तर सॉफ्टवेअरला कळत नाही की त्या ३६७ च्या पोटात घनता, गुरुत्व आणि तासाचे सेकंद लपलेले आहेत. त्यांचा उपयोग पडताळणीला करा: ५० गुणिले ७६ भागिले ३६७, म्हणजे १०.३५. शीटचं उत्तर याच्याशी जुळलं की निम्मी काळजी मिटली.

घर्षणाच्या सूत्राचंही तेच दुखणं आहे, फक्त जास्त खोल. तुम्ही हेझन-विल्यम्स वापरलंय. त्यात डिस्चार्जचा १.८५२ वा घात आणि व्यासाचा ४.८७ वा घात येतो. हे सूत्र प्रयोगांच्या आकड्यांवरून बसवलेलं आहे. त्याच्या दोन्ही बाजूंची एककं आपोआप जुळत नाहीत, ती १०.६७ या स्थिरांकात दडलेली आहेत, आणि हा १०.६७ फक्त घनमीटर प्रति सेकंद व मीटर यांच्यासाठीच खरा आहे. ठिबकच्या पुस्तकांत हेच सूत्र १.२१२ गुणिले दहाचा बारावा घात असा स्थिरांक घेऊन येतं, कारण तिथे लिटर प्रति सेकंद, मिलिमीटर, आणि उत्तर दर १०० मीटरला असतं. एका पुस्तकाचा स्थिरांक आणि दुसऱ्याची एककं असं लग्न लावलं की काय होतं ते वेगळं सांगायला नको. एककासकट डिस्चार्ज या सूत्रात घातला की सॉफ्टवेअर मीटरचा आणि सेकंदाचा अपूर्णांकी घात करतं. काही आवृत्त्या तिथेच अडतात, काही विचित्र एकक लटकवून पुढे जातात आणि बेरीज करताना अडतात.

उपाय सोपा आहे. सूत्राच्या दारात एककं काढून ठेवा आणि बाहेर पडताना परत घाला. डिस्चार्जला 'घनमीटर प्रति सेकंद'ने भागा, व्यासाला मीटरने, लांबीला मीटरने. राहतात नुसते आकडे. त्यांवर सूत्र चालवा आणि आलेल्या उत्तराला मीटरने गुणा. भागाकाराची गंमत अशी की डिस्चार्ज तुम्ही तासात लिहिलेला असो वा मिनिटात, भागल्यावर आकडा योग्यच मिळतो. पिंटमध्ये हेच काम आधी 'टू' ने ठरावीक एककात आणून मग 'मॅग्निट्यूड' घेऊन करायचं. 'टू' न वापरता थेट मॅग्निट्यूड घेतलं तर ताशी ५० मधला ५० तसाच सूत्रात जातो, आणि त्याबद्दल कुणी इशाराही देत नाही. पिंटमध्ये दिसलेल्या चुकांत ही पहिल्या नंबरची.

तुमचे आकडे घालून बघू. आतला व्यास १३० मिलिमीटर, लांबी १,८०० मीटर, पाइपच्या गुळगुळीतपणाचा हेझन-विल्यम्स गुणांक १४० धरला तर घर्षण १५.३ मीटर येतं. फूट व्हॉल्व्ह, नॉन-रिटर्न, बेंड मिळून १.७ धरा. चढाचे ३४, फिल्टरचे २५, घर्षणाचे १५.३ आणि हे १.७, एकूण ७६.० मीटर. तुमची बेरीज बरोबर आहे.

हेझन-विल्यम्सवर भरवसा नसेल तर शेजारी डार्सी-वाइसबाख लावून बघा. त्या सूत्राची एककं स्वतःहून जुळतात, काही सोलावं लागत नाही. पाइपमधला वेग १.०५ मीटर प्रति सेकंद आहे. नव्या गुळगुळीत पीव्हीसीचा घर्षणगुणांक ०.०१६ च्या आसपास येतो आणि घर्षण साडेबारा मीटर निघतं. १५.३ आणि १२.५ मधला फरक एककांचा नाही. १४० हा गुणांक वापरून जुन्या झालेल्या पाइपसाठी सावधपणे धरलेला आहे, म्हणून. एककाची चूक वीस टक्क्यांत क्वचितच दिसते. ती दहापट, साठपट, हजारपट असते, किंवा ९.८ पट, ६.२८ पट. गुणोत्तर काढून बघितलं की चोर बहुतेक वेळा नावानिशी सापडतो: ३.६ म्हणजे लिटर प्रति सेकंद आणि घनमीटर प्रति तास यांची अदलाबदल, ६० म्हणजे मिनिट, ३.२८ म्हणजे फूट, १.२ म्हणजे गॅलन.

गॅलनचं एवढं सांगितलंच पाहिजे. जुने लोक बोअरचं पाणी ताशी गॅलनमध्ये सांगतात, आणि तो गॅलन इंग्रजी असतो, ४.५४६ लिटरचा. सॉफ्टवेअरमध्ये नुसतं गॅलन लिहिलं की अमेरिकन मिळतो, ३.७८५ लिटरचा. मॅथकॅड, पिंट, एक्सेल, सगळीकडे तसंच. जवळपास सतरा टक्के पाणी कागदावरच आटतं. आणि एकक दोन्ही ठिकाणी घनफळाचंच असल्यामुळे उरलेल्या शेपटाची युक्ती इथे चालत नाही. 'दोन इंची पाणी' हे तर एककच नाही. ते कुणी कशावर मोजलं यावर अवलंबून आहे. तसंच विहिरीची खोली 'परस' या जुन्या मापात सांगितली तर हसू नका, पण शीटमध्ये घालण्याआधी टेप सोडून मोजा.

सॉफ्टवेअरला न दिसणाऱ्या चुका याच जातीच्या असतात. एककाची जात एक, पण अर्थ वेगळा. गेजवरचं प्रेशर आणि निरपेक्ष प्रेशर दोन्ही किलोतच असतात. एकूण हेड काढताना गेजचंच घ्यायचं, कारण नदीवर आणि गेजच्या बाहेर वातावरणाचा दाब तोच आहे. सक्शनची मर्यादा तपासताना मात्र निरपेक्ष लागतं, आणि तिथे विसरलात तर १०.३ मीटरचा घोळ होतो. पाइपचा १४० मिलिमीटर हा बाहेरचा व्यास आणि १३० आतला. दोन्ही मिलिमीटरच, सॉफ्टवेअर कशाला तक्रार करेल? पण सूत्रात १४० घातले तर घर्षण १५.३ ऐवजी १०.७ मीटर येतं. साडेचार मीटर हेड असंच गायब.

मोटरच्या फेऱ्यांचंही ध्यानात ठेवा. शाफ्टवरचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) काढायचा असेल तर पॉवरला कोनीय वेगाने भागायचं असतं. मॅथकॅड आणि पिंटमध्ये 'आरपीएम' या एककात दोन पाय (२π) आधीच घातलेले आहेत, म्हणजे १ आरपीएम बरोबर ०.१०४७ प्रति सेकंद. तुम्ही वर आणखी दोन पायने गुणलंत तर टॉर्क ६.२८ पट कमी येतो. उलट 'प्रति मिनिट' असं हाताने लिहिलं तर दोन पाय तुम्हालाच घालावे लागतात, नाहीतर टॉर्क ६.२८ पट जास्त दिसतो. रेडियनला मिती नसल्यामुळे दोन्ही उत्तरं सॉफ्टवेअरला सारखीच शुद्ध वाटतात. याच कारणाने पिंटमध्ये ३,००० आरपीएमचं रूपांतर हर्ट्झमध्ये मागितलं तर ५० नव्हे, ३१४ मिळतात. तो बिघाड नाही, व्याख्या आहे.

नावांची टक्कर हा वेगळाच ताप. मॅथकॅडच्या जुन्या आवृत्त्यांत एककं म्हणजे आधीच भरून ठेवलेली चलं असतात. तिथे लांबीला 'एल' नाव दिलं की लिटर गेला, गुणांकाला 'सी' म्हटलं की कूलोम गेला, हेडला कॅपिटल 'एच' म्हटलं की हेन्री गेला. हेन्री आणि कूलोम पंपाच्या गणितात लागत नाहीत, गेले तर गेले. पण 'एम' ला काही किंमत दिली तर त्या ओळीखालचा प्रत्येक मीटर बदलतो. 'जी' चंही तसंच: मॅथकॅडमध्ये गुरुत्व या नावाने आधीच भरलेलं असतं, पिंटमध्ये हेच अक्षर ग्रॅमचं आहे. एसमॅथ या मॅथकॅडसारख्याच सॉफ्टवेअरमध्ये एककाआधी एकेरी अवतरणचिन्ह टाकावं लागतं, म्हणून तिथे ही टक्कर होत नाही. मी चलांना लांब नावं देतो, पायथनमध्ये तर नक्कीच. टाइप करायला दोन सेकंद जास्त लागतात.

मॅथकॅडमध्ये आणखी एक घोळ नेहमी दिसतो. व्याख्या करताना लिहिलेलं एकक आणि उत्तराशेजारी टाकलेलं एकक यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. व्याख्येत किलोवॅट लिहिलं म्हणजे त्या आकड्याला किलोवॅटने गुणलं. उत्तराशेजारच्या रिकाम्या चौकटीत किलोवॅट लिहिलं म्हणजे फक्त दाखवण्याची तऱ्हा बदलली, आतली किंमत तीच राहिली. चौकटीत एचपी टाकून १३.८८ दिसले आणि तेच १३.८८ पुढच्या ओळीत हाताने उतरवले, की तुम्ही एकक सोडून नुसता आकडा पुढे नेलात. आकडा हाताने उतरवायचाच नाही, चलाचं नाव वापरायचं.

एक्सेल सोडवत नसेल तर शिस्त वेगळी लागते, कारण तिथे एकक नावाची गोष्टच नाही. चार रकाने करा: आकडा, एकक, गुणक, आणि मूळ एककात आलेली किंमत. ताशी ५० घनमीटरच्या पुढे गुणक १ भागिले ३,६००, किंमत ०.०१३८९. २.५ किलोच्या पुढे गुणक ९८,०६६.५, किंमत पास्कलमध्ये. सूत्रांनी फक्त चौथा रकाना वाचायचा, पहिल्याला हात लावायचा नाही. कन्व्हर्ट फंक्शन एककांची नावं लहान-मोठ्या अक्षरांसकट तपासतं आणि त्यात प्रवाहाची एककं नाहीत. घनफळ आणि वेळ वेगवेगळे बदलावे लागतात.

कुठलंही सॉफ्टवेअर असो, शीटच्या माथ्यावर पाच ओळींची परीक्षा ठेवा. १ एचपी वॅटमध्ये, १ गॅलन लिटरमध्ये, १ आरपीएम प्रति सेकंदात, १ किलोग्रॅम-बल प्रति चौरस सेंटिमीटर पाण्याच्या मीटरमध्ये, आणि गुरुत्वाची किंमत. ७४५.७, ३.७८५, ०.१०४७, १०.०, ९.८०७ असं दिसलं तर पुढे जा. वेगळं दिसलं तर या सॉफ्टवेअरचं एकक काय आहे ते तरी कळलं. नवीन आवृत्ती आली किंवा दुसऱ्याच्या संगणकावर शीट उघडलं तरी ही ओळ आधी बघायची.

आता तुमचं गणित पुढे नेऊ, कारण १०.३५ किलोवॅट ही फक्त पाण्याला मिळणारी पॉवर आहे. पंपाची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर शाफ्टवर १५.९ किलोवॅट लागतात. मोटरची ८८ टक्के धरली तर तारेतून १८.१ किलोवॅट ओढले जातात. टक्केवारीतही एककाचा सापळा आहे: ६५ लिहिलं आणि टक्क्याचं चिन्ह विसरलं तर शाफ्ट पॉवर ०.१६ किलोवॅट येते, आणि एकक तरीही निर्दोष दिसतं. नेमप्लेटवरचे किलोवॅट हे शाफ्टचे असतात, तारेतले नव्हेत. म्हणून मोटर निवडताना १५.९ शी तुलना करायची. १५ किलोवॅटची, म्हणजे २० एचपीची, कमी पडते. पुढचा टप्पा १८.५ किलोवॅट, २५ एचपी. त्यात सोळा टक्के ऐसपैस जागा राहते.

आठ तास चालवलं तर १८.१ गुणिले ८, म्हणजे १४५ युनिट वीज. हे युनिट म्हणजे किलोवॅट-तास, ते सॉफ्टवेअरमध्ये किलोवॅट गुणिले तास असंच लिहा. किलोवॅट भागिले तास लिहिणारेही भेटतात. तेवढ्या वेळात ४०० घनमीटर पाणी चढतं. बागेला रोज ६ मिलिमीटर द्यायचं ठरवलं तर १६ एकरांना ३८८ घनमीटर लागतं. एकर गुणिले मिलिमीटर सरळ लिहा, घनमीटरमध्ये दाखवायला सांगा. हा हिशेब एककं सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरने जितका सुखाने होतो तितका हाताने कधीच होत नाही.

काही गोष्टी मात्र तुमच्या जागेवर अवलंबून आहेत आणि तिथे सॉफ्टवेअर मदत करणार नाही. ३४ मीटर चढ तापीच्या कोणत्या पातळीपासून मोजला? पावसाळ्यातल्या पातळीवरून मोजला असेल तर मे महिन्यात, केळीला पाण्याची खरी निकड असते तेव्हा, हेड वाढलेलं असेल. फिल्टर तुंबत आला की त्यातच दाब खर्च होतो, तेव्हा अडीच किलो फिल्टरच्या आधी हवेत की नंतर, हे ठिबकवाल्याकडून पक्कं करा. पाण्याची घनता ४० अंशांना ९९२ होते, म्हणजे एक टक्काही फरक नाही. उन्हाळ्यासाठी घनता बदलत बसू नका. त्यापेक्षा हेझनचा गुणांक १४० वरून १३० केला तर घर्षण १५.३ चं १७.५ मीटर होतं, ते बघणं जास्त मोलाचं.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण याच आकड्यांतून निघते. ७६ मीटर हेड म्हणजे पंपाच्या डिलिव्हरीला साधारण साडेसात किलो दाब. पाइपवर ६ किलोचा शिक्का असेल तर पंपाजवळच्या टप्प्यात तो चालणार नाही, वीज गेल्यावर पाणी उलटं आपटतं त्याचा दाब तर अजून वेगळा. तिथे १० किलोचा पाइप घ्या. त्याची भिंत जाड असते, त्यामुळे आतला व्यास १३० राहणार नाही. दुकानात तुकडा हातात घेऊन आतून मोजा, तो आकडा शीटमध्ये घाला आणि घर्षण पुन्हा काढा. मग पंपवाल्याला एचपी सांगूच नका. ताशी ५० घनमीटर आणि जे येईल ते हेड मीटरमध्ये सांगा, आणि त्या बिंदूवर त्याच्या पंपाच्या वक्रात (परफॉर्मन्स कर्व्हमध्ये) किती किलोवॅट आणि किती टक्के कार्यक्षमता लिहिली आहे ते मागा.